गेणबांचा झेंडा आणि फेरारीचं नाक

पिंपळीचे गेणबा म्हणजे बैलगाडा शर्यतीतले तीस वर्षांचे झेंडापंच. शेवटच्या रेषेवर उभं राहायचं आणि जी जोडी आधी येईल तिच्या बाजूला झेंडा पाडायचा. एकदा पडला की पडला. त्यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता, आणि त्याचा म्हाताऱ्याला केवढा तोरा, ते विचारू नका.

म्हणूनच बारामतीजवळच्या एका कॉलेजात पोरांनी बनवलेल्या दोन गाड्यांची शर्यत ठरली, तेव्हा पंच म्हणून त्यांनाच बोलावलं. साठ वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाड्यांची हुबेहूब रूपं, आत मात्र साधी, सारखीच इंजिनं. तांबडी फेरारी अरफातची, निळी कोब्रा संस्कृतीची. आता संस्कृती ही गेणबांची सख्खी नात. लोक कुजबुजणारच की. शहाण्यानं नाही म्हटलं असतं, पण गेणबांनी टोपी नीट केली आणि निघाले.

नातीनं त्यांना आठवडाभर शिकवलं होतं. "खऱ्या फेरारीला बारा सिलिंडर, आबा, पण इंजिन तीनच लिटरचं. कोब्राला आठच, पण पावणेपाच लिटरचं."

"म्हंजी एक चपळ, एक अंगानं दांडगं. मग जिंकायचं कोण?"

"आधी फेरारीच. पासष्ट साली कोब्रानं तिला हरवलं."

चारशे मीटरचा सरळ रस्ता. जिचं नाक रेषेला आधी लागेल ती पहिली, हा नियम सकाळीच सांगितला होता. आज चुकलो तर नातीसाठी चुकलो म्हणतील, हे गेणबांना पक्कं ठाऊक होतं. गाड्या सुटल्या, खांद्याला खांदा लावून आल्या, आणि झेंडा कोब्राकडं पडला.

जल्लोष चालू असताना अरफात हळूच जवळ आला. त्यानं मोबाईल पुढं धरला. "अजून कुणाला दाखवलं न्हाय, आबा. तुमी सांगाल तर पुसून टाकतो."

रेषेवरच्या फोटोत फेरारीचं लांब नाक वीतभर पुढं होतं. पुढची चाकं मात्र कोब्राची आधी. बैल शेवटाला मान ताणतो, त्याच्या नाकाचा भरवसा नाही, म्हणून गेणबांची नजर जन्मभर मानेवरच्या जुवावर राहिलेली. आजही तिनं नाक सोडलं आणि चाकं धरली होती.

ते तडक माईकपाशी गेले. "चूक माझी हाय. फेरारी पहिली." मागून कुणीतरी हसलं.

संस्कृती हेल्मेट काढून समोर आली. रागावेल म्हणून ते खाली बघत राहिले.

"मला गाडीतनंच दिसलं होतं, आबा," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा झेंडा पडला होता. त्यावर कोण बोलणार?"

गेणबा मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षांत असे किती जण गुमान घरी गेले असतील, हे त्यांना पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं, आणि विचारायला त्यांतलं कुणी समोर नव्हतं.