बाबांच्या दशावताराची फाईल

काल भाचीने तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, नथ घातली आणि मला भांडुपच्या घरातली ती दुपार आठवली. आईबाबांच्या लग्नानंतर वर्षभरात गावच्या जत्रेत बाबांनी दशावतारात काम केलं होतं. त्याची जुनी व्हिडिओ कॅसेट काकाने फाईल करून मेलवर पाठवली होती. एरवी दिसेल त्या लिंकवर बोट दाबणारे बाबा त्या दिवशी म्हणाले, "उघडू नको रे, व्हायरस असतलो. डिलीट करून टाक." मग तर मला राहवेना. पण व्हिडिओ चालेना. नेटवर 'हा प्लेअर डाउनलोड करा' असं दिसलं, मी दाबणार तोच ताईने हात धरला. "कुठलाही प्रोग्राम काय घेतोस यार? आधी फाईल स्कॅन कर." फाईल स्वच्छ निघाली आणि ताईच्या लॅपटॉपमधल्या नेहमीच्या प्लेअरवर लगेच चालली. पेटी वाजली, मृदंग घुमला आणि नऊवारीत लाजत एक राणी आली. ते बाबा होते. "आम्हाला तर 'मी राजा झालो होतो' असं सांगत होतात!" ताई खो खो हसली. आई हसली नाही. ती राणीच्या नाकाकडे बघत स्क्रीनजवळ सरकली. "अहो, माझी लग्नातली नथ एसटीत हरवली म्हणालात ना?" बाबा पाणी प्यायला उठले. त्या दिवाळीला आईला नवी नथ आली, कालची तीच. मी मात्र अजूनही, कुणी फाईल उघडू नको म्हटलं, की आधी फाईल स्कॅन करतो आणि मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.