शामकाका कुणाचे पाय बघतात?

मंडळी, आज सकाळी माझी चांगलीच जिरली. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विजयनगरात आमच्या समाजाच्या हॉलमध्ये दर रविवारी टिपऱ्यांची प्रॅक्टिस असते. शामकाका मध्ये उभे राहून हाका देतात. ते कानडीत 'तिरुगु!' म्हणाले की आम्ही वळायचं आणि पुढच्या बाईच्या टिपरीवर टिपरी मारायची. काका पेशाने शिंपी, वय शहात्तर. हल्ली घसा बसतो, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन सगळ्या हाका फोनवर रेकॉर्ड केल्या.

आज काकांना खुर्चीत बसवलं आणि फोन स्पीकरला जोडला. तिसऱ्याच फेरीत माझी टिपरी पुढच्या सुमक्काच्या बोटांवर!

"अय्यो, साकु!" म्हणत ती खालीच बसली.

"काका, आवाज तुमचाच, ठेका तुमचाच. मग चुकतंय कुठं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मी पाय बघून हाक देतो गं. फोनला कुठं दिसतात पाय?"

"कुणाचे पाय?"

काका घुटमळले. "तुझे. लहान होतीस तेव्हापासून वळताना अर्धं पाऊल मागं राहतीस. तू पोचलीस की मी 'तिरुगु' म्हणतो. एवढंच."

सुमक्का बोटं चोळत हसली. म्हणजे तिलाही माहीत होतं!

आणि मी इतकी वर्षं नव्या मुलींना सांगत आलेय, की माझा पाय कधी चुकत नाही.

तुमच्यासाठी असं गुपचूप कोण थांबत आलंय? विचारून बघा. फक्त उत्तर ऐकायची तयारी ठेवा.