शेगडीकाकांची लिंबं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे शेगडीकाका म्हणत. उकळत्या झऱ्यातून आणलेले आर्किया, म्हणजे दिसायला जिवाणूंसारखे पण कुळाने निराळेच सूक्ष्मजीव, ते आम्लाच्या बाटल्यांत पोसत. बाटल्या कायम तापत्या पाण्याच्या टाकीत. इतरांचं कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, फ्रिजमध्ये टिकायचं, काकांचं गारठ्याने मरायचं. त्यामुळे काका कुठे जात नसत. लग्न राहूनच गेलं होतं. खोलीवर खुर्ची एकच, तीही कपडे टाकायला.

त्या आर्कियांत विषाणू राहत. कुठला बाटलीच्या आकाराचा, कुठला दोऱ्यासारखा. काकांच्या एका बाटलीत सापडला तो लिंबासारखा, दोन्हीकडे टोकदार. तो जिथून आणला तो झरा पुढे आटला, आणि तेवढी एकच बाटली उरली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्याची जनुकं आजवरच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली. कशाशीच जुळेनात.

"कुणाचा कुणी नाही हो हा!" मॅडम हरखल्या. "सजीवांच्या शाखा फुटण्याआधीचा असेल. नाहीतर याचे भाऊबंद संपले असतील, किंवा आपल्याला अजून भेटायचे असतील."

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग वहिनीचा फोन आला. "भावोजी, यांचं उद्या ऑपरेशन आहे. तुमच्या जंतूंनी रजा दिली तर या."

काका तडक निघाले. घरातून निघताना करतो तसं, हाताच्या सवयीने बटणं बंद करत गेले. दिवा, पंखा, टाकी.

आठवलं ते हॉस्पिटलात, दादांचे पाय चेपताना. काका ताडकन उठले. प्रयोगशाळेला सुट्टी, मॅडम परगावी, किल्ली काकांच्याच खिशात. आत्ता गाडी पकडली असती तर कदाचित काही वाचलं असतं.

"आहेस ना रे?" गुंगीतल्या दादांनी विचारलं.

"आहे," म्हणत काका पुन्हा स्टुलावर बसले.

दादा सावरल्यावरच ते परतले. बाटली गार पडली होती. थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर फुटक्या पेशींचा नुसता चिखल. त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत.

"ओतून टाकू नका. आर्किया मेले तरी विषाणू शाबूत असतील. पेशी गाळून टाका, उरलेलं पाणी तापवून बघा."

काकांनी तसं केलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर चित्र उमटलं आणि ते खुर्चीतून पुढे झुकले. लिंबांना शेपट्या फुटल्या होत्या, दोन्ही टोकांना! पेशीबाहेर विषाणू नुसता पडून असतो, असंच ते आजवर शिकवत आले होते. इथे तर पेशीचा मागमूस नव्हता. फक्त ऊब होती.

मॅडम मीटिंगमध्ये होत्या. काकांनी दादांना फोन लावला.

"दादा, शेपट्या आल्या!"

"कुणाला रे?"

"माझ्या लिंबांना."

"बरं झालं की! मग आता पुढे?"

"पुढे काही नाही. शिरून वाढायला पेशीच उरली नाही त्यांना. झराही आटलाय."

"तू इकडेच ये ना राहायला. मागची खोली रिकामी आहे."

पडद्यावर लिंबं आपापल्या जागी, एकमेकांपासून लांब लांब पडली होती.

"बघतो," काका म्हणाले.

दादांनी पुन्हा विचारलं नाही.