जिवंत साहेबांना श्रद्धांजली

एका जिवंत माणसाला मी मंगळवार पेठेत श्रद्धांजली वाहिली आणि ती चूक दाखवणाऱ्या बायकोला भर सभेत गप्प केलं. पहिल्या गोष्टीवर मी आता हसू शकतो.

आमच्या फिल्म क्लबात मला एका ब्रिटिश दिग्दर्शकाचं भारी वेड. खाटकाचा मुलगा. नाटक कंपनीत पडदे ओढता ओढता टीव्हीत शिरला. पहिला सिनेमा सपशेल पडला, तशी पुन्हा कित्येक वर्षं टीव्हीसाठी राबला. मग कंडक्टर, गिरणीतल्या बायका अशांनाच कॅमेऱ्यासमोर उभं करून सिनेमे काढले, आणि म्हातारपणी जगानं त्याला डोक्यावर घेतलं. हे सगळं बायकोनं वाचून मला सांगितलेलं. भाषणं तेवढी माझी.

एका सकाळी हे साहेब गेल्याचा मेसेज आला. आमच्याकडं दुःख फ्लेक्सवर मांडतात. दुपारी चौकात, एका पैलवानाच्या वाढदिवसाशेजारी, साहेबांचा फोटो लागला. पानपट्टीवाला म्हणाला, "पावणं कुणाचं म्हणायचं? शिरोळकडचं तर वाटत न्हाईत."

संध्याकाळी सभेत सगळे मौनासाठी उभे राहिले. मागच्या रांगेतून बायको म्हणाली, "अहो, ती अफवा आहे. ते आज शूटिंगला गेलेत."

मी माईकवरूनच म्हणालो, "तुला सिनेमातलं काय कळतंय? बस खाली."

लोक हसले. ती बसली नाही, सरळ घरी गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा सेटवर चहा पितानाचा फोटो आला. शिडी लावून मीच फ्लेक्स उतरवला.

खालून पानपट्टीवाल्याचा आवाज आला, "उठलं व्हय पावणं?"

घरी ती नेहमीसारखीच वागत होती, रविवारी पांढरा रस्साही झाला. पण तिनं क्लबला येणं सोडलं. सिनेमा सुटल्यावर घरापर्यंत भांडायला कुणी उरलं नाही. एकदा ओट्याजवळ उभा राहून मी माफीचं बोलू लागलो, तर ती फोडणी देता देता म्हणाली, "माईकवर बोलला होता ना? मग इथं कशाला?"

साहेब त्या दिवशी ज्याच्या शूटिंगला गेले होते, तो सिनेमा क्लबात लागला, तेव्हा कशीबशी विनवणी करून तिला आणलं. ती मागच्याच रांगेत बसली. मी माईक घेतला.

"मी इथं सिनेमावर जे बोलतो, ते हिनं मला सांगितलेलं असतं. त्या दिवशीही ही खरंच सांगत होती, आणि मी हिला खाली बस म्हणालो. माझं चुकलं. मला माफ कर."