उठा, ती माझी जागा

नव्वद सालच्या आसपास ठाण्याच्या माजिवड्यातल्या एका बंगल्यात छोटा वृद्धनिवास सुरू झाला. मोजकीच माणसं. बातमीसाठी मी तिथे गेलो, त्याच वेळी डोंबिवलीहून एक आजी मुलाबरोबर जागा बघायला आल्या होत्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

मुलगा फायदे सांगत होता. नर्स आहे, गरम पाणी आहे, जेवण घरच्यासारखं. तोटा एकच, माणसं कमी. एकाशी बिनसलं तर रोज त्याचंच तोंड बघायचं. आजी छत्रीच्या मुठीवर बोटं वाजवत ऐकत होत्या. मग उठल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीतली उशी बाजूला करून बसल्या.

पेपर घेऊन एक आजोबा आले. "उठा. ती माझी जागा."

"नाव लिहिलंय?"

"उशी दिसली नाही?"

"दिसली ना. म्हणून तर बसले."

"आल्या आल्या दादागिरी!"

व्यवस्थापिका धावल्या. "आजोबा, त्या नवीन आहेत."

"त्या नवीन असतील. खुर्ची माझीच."

मुलगा ओशाळला. "आई, चल. आपण दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे कशाला?" आजींचे डोळे चमकत होते. "घरी मी काहीही बोलले तरी तुम्ही 'हो आई' म्हणता आणि टीव्हीचा आवाज वाढवता. उलट उत्तर ऐकून किती वर्षं झाली!"

त्या उठल्या, उशी झटकून जागेवर ठेवली आणि आजोबांना म्हणाल्या, "सोमवारी सामान घेऊन येते. तोवर बसून घ्या."