विम्याचा परवचा

"जब चाहें, जहाँ चाहें, अपनी सुविधा से पढ़िए," असं त्या कोर्सच्या पहिल्याच पानावर लिहून होतं. मले इतकं हसू आलं की विचारू नका. माझी सुविधा! सकाळी तीन डबे, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी परत गॅसपाशी. त्यातून उरली तं सुविधा. पण आमच्या विम्याच्या ऑफिसात मी कंत्राटावर होती, अन् साहेबांनी साफ सांगितलं होतं, ही परीक्षा पास व्हा, पक्कं करून घेतो. कॉलेज सोडून वीस वर्षं झालेल्या बाईनं आणखी काय करावं? भरली फी.

पुस्तकं कुरिअरनं आली, सगळी हिंदीत; आमच्या या हिंदी मुलखात मराठी कुठून येणार. शिकवणारे सर मोबाइलमध्ये. ते भराभर बोलून जात अन् शेवटी म्हणत, "समझ में आया ना?" मी कणीक तिंबता तिंबता म्हणे, "नाही आलं बाप्पा!" पण त्यांना कुठं ऐकू जाते. दुरून शिकण्यात बाकी सगळं ठीक आहे, फक्त हं म्हणणारं कोणी नसते. शाळेत बाजूला एखादी पोट्टी तरी बसे, तिच्या तोंडावरून कळे की तिलेही काही समजलं नाही. तेवढ्यानंही धीर येते माणसाले.

मंग एका संध्याकाळी मी ओट्यापाशी पुस्तक टेकवून पुटपुटत होती, तं समोरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"काय पुटपुटून राहिली वं पोट्टी? तोंड उघडून म्हण. असा कुठं अभ्यास होते?"

बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून तात्यापारा मोहल्ल्यात माझ्याचकडे राहतात. मी म्हटलं, "बाबा, चाळिशी ओलांडली माझी. आता तरी पोट्टी म्हणू नका. जावई ऐकते, नात ऐकते."

"मंग काय मॅडम म्हणू?" बाबा म्हणाले. "ये इकडं. दिवा लागला ना देवाजवळ? परवचा म्हण."

परवचा! तो शब्द मी कितीक वर्षांनी ऐकला. लहानपणी ब्राह्मणपाऱ्यात राहायचो तवा देवाजवळ दिवा लागला की आम्हाले बाबांसमोर मांडी घालून बसावं लागे. बे एके बे पासून सुरू, मंग पावकी, निमकी, दिडकी, अन् शेवटी शुभं करोति. साऱ्या पाऱ्यातल्या पोट्ट्या बाहेर फुगडी खेळत, अन् मी आत एकोणतीसच्या पाढ्यात अडकून. अडली की बाबा डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटानं ठकठक करत. ती ठकठक ऐकली की पाढा आपोआप तोंडात येई. सांगायचं म्हणजे, माझ्या मैत्रिणी कॅल्क्युलेटर काढत तोवर माझा हिशोब झालेला असे. त्याचा मले माज होता, खोटं काहून बोलू.

तं त्या संध्याकाळपासून विम्याचा परवचा सुरू झाला. आमच्या पुस्तकात विम्याची सहा तत्त्वं होती. मी ती पाढ्याच्या चालीवर बसवली. परम सद्भाव, बीमायोग्य हित, क्षतिपूर्ती, अंशदान, प्रत्यासन, आसन्न कारण. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चाल चुकली की ठकठक. कधी मधेच थांबवून विचारत, "हे बीमायोग्य हित म्हणजे काय वं?"

मी सांगे, "ज्याच्या जाण्यानं आपलं नुकसान होते, त्याचाच विमा काढता येते बाबा. शेजाऱ्याच्या घराचा नाही काढता येत."

"बरोबर आहे. शेजाऱ्याचं घर जळलं तं आपल्याले काय, पाहायलेच मिळते," असं म्हणून ते खदखदा हसत. मी त्यांना समजावून सांगे अन् सांगता सांगता मलेच समजे. जे मोबाइलमधल्या सरांना जमलं नाही, ते बाबांनी काही न शिकवता केलं.

पहिले दोन पेपर मी असेच काढले. तिसरा, शेवटचा, राहिला होता.

अन् एका सकाळी चहाचा कप बाबांच्या हातातून सुटला. मी म्हटलं, "काय बाबा, झोपेत आहे काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं तं तोंड एका बाजूले झुकलेलं. दवाखाना, सलाईन, धावपळ, सगळं झालं. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, हात परत आला, पाय परत आला, काठी धरून ते चालायले लागले. वाचा नाही आली.

म्हणजे आवाज होता. शब्द येत नव्हता. पाणी पाहिजे असलं तं "ते... ते..." करत अन् स्वतःवरच चिडत. माझ्याकडे पाहत, ओठ हलत, कपाळाले आठ्या पडत, अन् मंग हात झटकून मान फिरवून घेत. मले कळे ते काय शोधून राहिले. मलेच हाक मारायची होती त्यांना. घरात कोणी पाहुणा आला अन् आपल्याले त्याचं नाव आठवू नये, तसे बाबा माझ्याकडे पाहत. मी किती वेळा म्हटलं असेल, "म्हणा ना बाबा, पोट्टी म्हणा. कितीही वेळा म्हणा, जावयासमोर म्हणा." माणूस जे नको नको म्हणते, त्याच्याचसाठी मंग असं झुरते.

बोलणं शिकवायले एक दीदी येत. त्यांनी सांगितलं, "नाम मुश्किल है। पर जो रटा हुआ है, आरती, पहाड़े, वो कभी-कभी अपने आप निकल आता है।" आम्ही आरती म्हणून पाहिली, बाबा अर्ध्यापर्यंत आले. पाढे म्हणून पाहिले, बे दाहे वीस झाले. पण आरतीत माझं काय? पाढ्यात माझं काय?

पेपर जवळ आला होता. खरं सांगते, सोडून द्यायचं मनात होतं. तरी सवयीनं एका संध्याकाळी दिवा लावला अन् पुस्तक घेऊन बाबांच्या पायाशी बसली. कोणासाठी नाही, आपली म्हणून राहिली होती. परम सद्भाव, बीमायोग्य हित... अन् पुढचा शब्द काही आठवेना. डोकंच थाऱ्यावर नव्हतं.

वरून आवाज आला, "क्षतिपूर्ती."

मी अशी दचकली की पुस्तक पडलं. बाबा डोळे मिटून बसले होते. मी हळूच म्हटलं, "अंशदान." ते म्हणाले, "प्रत्यासन." स्पष्ट! एक अक्षर इकडं तिकडं नाही. मी रडत रडत "आसन्न कारण" म्हटलं, तं खुर्चीच्या हातावर ठकठक झाली. चाल चुकली होती माझी.

ज्या बापाले पाणी म्हणता येत नाही, तो प्रत्यासन म्हणते! मुलगी धावत आली, "मम्मी, नानाजी ये क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, "विमा बोलून राहिले बाबा, विमा!"

त्या दिवशी मले एक गोष्ट सुचली. त्यांना एकेकटा शब्द सापडत नाही, पण रांगेतला सापडते. मंग मलेच त्या रांगेत जाऊन बसायले काय हरकत आहे? दुसऱ्या दिवसापासून मी आसन्न कारणच्या मागं, त्याच चालीत, एक शब्द जोडला. पोट्टी. परम सद्भाव, बीमायोग्य हित, क्षतिपूर्ती, अंशदान, प्रत्यासन, आसन्न कारण, पोट्टी.

नवरा बीरगांवच्या बाजूले कारखान्यात आहे, पाळी करून आला अन् दारातच उभा राहिला. "सातवं तत्त्व काढलं काय तुनं?"

"हाव, काढलं," मी म्हटलं. "तुम्ही पाय धुवा."

रोज म्हणायची. बाबा सहाही शब्द म्हणत, कधी माझ्यासोबत, कधी माझ्या आधी. सातव्यापाशी ओठ बंद. मी एकटीच म्हणे, "पोट्टी," अन् त्यांच्या तोंडाकडे पाहत राही. काही नाही. क्षतिपूर्तीचा अर्थ पुस्तकात दिला होता, नुकसान होण्याआधी माणूस जसा होता तसा त्याले परत करणं. तो अर्थ वाचून मले असा राग येई! कोण करते असं परत? दाखवा मले ती कंपनी.

परीक्षेच्या दिवशी सेंटरवर कॉम्प्युटरसमोर बसली. पहिलाच प्रश्न, विम्याची मूलभूत तत्त्वं किती? पाच, सहा, सात की आठ? इतका सोपा प्रश्न पाहून मी खूशच झाली. तरी खात्री करावी म्हणून बोटांच्या पेरांवर मोजत परवचा म्हटला. तोंडातून आवाज निघाला असेल, कारण निरीक्षक मॅडम येऊन म्हणाल्या, "मन में पढ़िए मैडम, ये क्या मंदिर है?" सात पेरं झाली. मी ठामपणे सातवर टिचकी मारली.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले उभी राहिली तवा डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! सातवं तं मी आहे! भर रस्त्यात मी अशी हसायले लागली की रसवाला भैया म्हणाला, "क्या हुआ दीदी?" त्याले काय सांगू. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायले लागलं, ते काही थांबेना. साऱ्या दुनियेच्या विम्यात मी कुठंच नाही, अन् माझ्या बापाच्याही तोंडात नाही, असं वाटलं तेव्हा.

तेवढ्या एका उत्तरानं काही बिघडलं नाही. पास झाली मी. साहेबांनी शब्द पाळला. पेढे घेऊन घरी आली, देवाजवळ ठेवले, बाबांच्या हातावर एक दिला. म्हटलं, "बाबा, पास झाली. पक्की झाली." त्यांनी पेढा खाल्ला. चांगला लागला असावा, दुसऱ्यासाठी हात पुढं केला. माझ्याकडे पाहिलं ते तसंच, पाहुण्याकडे पाहावं तसं.

मुलीनं दिवा लावला अन् ती आत पोळ्या शेकायले गेली. आता काही म्हणायची गरज नव्हती. पुस्तकं मी सकाळीच बांधून ठेवली होती. पण बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले, डोळे मिटले, अन् वाट पाहायले लागले. मंग मी पण बसली त्यांच्या पायाशी, अन् सुरू केलं.

परम सद्भाव, बीमायोग्य हित. बाबा बरोबर होते. क्षतिपूर्ती, अंशदान, प्रत्यासन, आसन्न कारण. अन् तिथं मी अडली. माझाच शब्द माझ्याच्यानं निघेना. किती दिवस एकटीनंच म्हणायचा?

खुर्चीच्या हातावर ठकठक झाली. पुन्हा ठकठक. मी मान खाली घालून बसली होती.

"पोट्टी," बाबा म्हणाले.

मी वर पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मले म्हटलं, की चालीत पुढचा शब्द आला म्हणून म्हटलं, देव जाणे. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, अन् मले विचारायचंही नव्हतं.

"ओ, बाबा!" मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं म्हटलं की मुलगी हातात चिमटा घेऊनच बाहेर आली.

"मम्मी, किसने बुलाया?"

"बाबांनी बुलावलं," मी म्हटलं. "मलेच बुलावलं."