अप्पांच्या तबकडीचं पहिलं प्रेसिंग

पुण्याहून निघताना माझ्या सामानात जपण्यासारख्या दोनच वस्तू होत्या: पेटीसारखा मिटणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि कन्नड भक्तिवचनांची एक नवी कोरी तबकडी, जी आमच्या अक्काला साफ नापसंत होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बिदरच्या मैलूर भागात राहणारी. तिचा उजवा कान गेलाय आणि डावाही फार काळ साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ठाणाकुशनूरला अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, किराणा दुकानात रोज दिवेलागणीला या वचनांची तबकडी वाजायची. पुढे घर बदलताना ती फुटली. दिवाळीत मी हौसेनं तिची नवी आवृत्ती घेऊन गेलो. अक्कानं चार ओळी ऐकल्या आणि मान हलवली.

"ह्यो त्यो आवाज न्हाई, रेवणा. कान पुरते जायच्या आधी एकदा अप्पांची तबकडी ऐकव बाबा."

मला रेकॉर्डींचा जुना आजार आहे. एकच गाणं वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या साच्यांतून छापून निघतं. अशा प्रत्येक खेपेला आम्ही शौकीन लोक 'प्रेसिंग' म्हणतो आणि त्यावरून मैत्र्या तोडतो. मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: दोष नव्या प्रेसिंगचा, पहिलं मिळालं की आवाज मिळाला. माझे निकाल असेच असतात, झटपट.

पहिलं प्रेसिंग सापडलं गुलबर्ग्यात, मल्लण्णा नावाच्या तूरडाळीच्या व्यापाऱ्याकडे. आमची ओळख फोनवरची. सकाळी गाडीतून उतरून त्यांच्या दुकानी पोचलो, तर सगळ्या गल्लीत भरडलेल्या डाळीची धूळ तरंगत होती.

"बर्री, बर्री (या, या)! आधी जेवण, मग गाणं," मल्लण्णा म्हणाले.

कडक भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी आणि शेंगा हिंडी (दाण्याची कुटलेली चटणी). भाकरीचा कडकन आवाज झाला की मला अजून अप्पांची पंगत आठवते. मग आम्ही गोदामावरच्या खोलीत गेलो. तिथं पोत्यांचा वास होता आणि भिंतभर तबकड्या.

मल्लण्णांनी आधी माझी नवी लावली. स्वच्छ आवाज, एक खरखर नाही. पण तबला पुढे येऊन बसला होता आणि गवयाचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट. मग त्यांच्याकडची दुसऱ्या खेपेची वाजली. ती हातात धरली तर वाकेल इतकी पातळ. 'स' आला की सुईतून नुसती वाफ निघाल्यासारखा सू सू आवाज. शेवटी पहिलं प्रेसिंग आलं. जाड, जड. मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला साच्याचा आकडा, पहिल्या खेपेची खूण, मल्लण्णांनी उजेडात धरून मला दाखवला. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि तंबोरा खोलीभर पसरला. गवयानं श्वास घेतलेला ऐकू आला. मी डोळे मिटले. माझ्या मते काम फत्ते झालं होतं.

"विकणार न्हाई बघा," मल्लण्णा म्हणाले. "पर अक्कांचे कान काय माझ्यासाठी थांबायचे न्हाईत. घेऊन जावा, ऐकवा, जाताना परत द्या."

परक्या माणसानं एवढा विश्वास टाकावा! 

बिदरच्या बसमध्ये मी तबकडी मांडीवर उभी धरून बसलो. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं आणि त्यांच्यावर सपाट आभाळ. बिदर जवळ येतं तशी काळी माती मागे पडून तांबडी सुरू होते. मी ती बघण्यात गुंगलो आणि खिडकीतलं ऊन थेट तबकडीवर यायला लागलं.

"त्यात काय हाय? देवाचा फोटू?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"गाणं आहे. उन्हानं वाकडं होतं."

"मग उन्हात कामून धरलाव? घ्या, ह्यो टावेल टाका."

टॉवेल पांघरून गाणं बिदरला पोचलं.

अक्का दारातच उभी होती. "आलास व्हय? किती वाळलास!" हे ती मला गेली अनेक वर्षं म्हणते आणि माझं पोट तेवढंच वाढत राहतं. चहा झाल्यावर मी प्लेअर मांडला, तिचा डावा कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची लावली आणि पहिलं प्रेसिंग सुरू केलं. स्वतः तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो.

चेहरा हलला नाही.

"गवई त्योच हाय," ती म्हणाली. "पर असा कामून पळायलाय?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू! मी तिला साच्याच्या आकड्याचा दाखला दिला, प्लेअरचा वेग अगदी अचूक आहे हे ओरडून सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली. मग उठली, प्लेअरशी वाकली आणि तबकडीखालच्या फिरत्या तव्याच्या कडेला तिनं एक बोट टेकवलं.

तवा जरा मंदावला. गवयाचा आवाज खाली उतरला, भरदार झाला, जणू निवांत बसून गायला लागला. दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलेला तो हाच आवाज!

"अप्पा असंच बोट धरायचे," अक्का म्हणाली. "गवयाची पट्टी उंच, अप्पांचा गळा पोचायचा न्हाई. पर संगं गायचं तर हायच. मग गवयालाच खाली आणायचे. तू भायेर खेळायचास, तुला काय दिसतंय? मी आत पुड्या बांधायला असायचे."

आणि ती गायला लागली. सूर थोडा हलत होता, पण पट्टी अप्पांची होती. मीही त्या पट्टीत शिरलो. आमचे दोघांचे गळे अप्पांसारखेच, ठेंगणे. मधेच ती थांबली.

"आता ऐकू न्हाई आलं तरी चालतंय," बोटाकडे बघत ती म्हणाली. "हिथं कळायलंय मला."

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. रडू येत होतं.

प्लेअर आणि नवी नापसंत तबकडी मी तिच्याकडेच ठेवून आलो. बोट टेकवलं की तीही चालते, हे आम्ही दोघांनी करून बघितलं. पहिलं प्रेसिंग गुलबर्ग्यात उतरून मल्लण्णांच्या हाती परत दिलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग कुठलं प्रेसिंग भारी ठरलं, अण्णा?" निकाल देण्याऐवजी मी त्यांच्या प्लेअरच्या तव्याला बोट टेकवून दाखवलं.

आता पुण्यात दिवेलागणीला अक्काचा फोन येतो. ती फोन प्लेअरजवळ ठेवते. फोनवरचं माझं बोलणं तिला ऐकू येत नाही, म्हणून मी बोलत नाही. पलीकडून तबकडी सुरू होते, आधी पळते, आणि मग सावकाश खाली उतरते. तिनं बोट टेकवलं हे मला कळतं. मग मी गायला लागतो.